कॉपली हीथवरचा पत्रा

मी पन्हळी पत्रा. लोखंडाचा, वरून जस्त चढवलेला. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला कॉपली हीथ नावाचा माळ आहे. त्याच्या दक्षिण उतारावर मी जमिनीला पोट लावून पडलो आहे. मला कोणी फेकलेलं नाही. मला इथे ठेवलं आहे आणि मी कामावर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं.

जन्म ब्रिस्टलकडच्या एका कारखान्यातला. तापलेलं लोखंड रुळांखालून गेलं, पातळ झालं, वितळलेल्या जस्तात बुडलं. मग दातेरी रुळांतून दाबून पन्हळी पाडल्या. दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. तशी रीत नव्हती.

त्यानंतर बरीच वर्षं मी छप्पर होतो. एका खाणकामगाराने गावाबाहेर भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला होता. तिथल्या खोपटावर त्याने मला ठोकलं. सुट्टीच्या दिवशी तो येई, कांदे-बटाटे खणी, पाऊस आला की माझ्याखाली बसून थर्मासमधला चहा पिई. तो फारसा बोलत नसे. खोकत असे. एका हिवाळ्यानंतर तो आला नाही. जावई आला. त्याने पहारीने खोपट पाडलं आणि मला खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या झुडपांत उभं करून ठेवलं. तिथे मी गंजू लागलो.

तिथून मला पॉलीनने आणलं. पॉलीन ही कॉपली हीथची वॉर्डन, माळाची राखणदार. पन्नाशीची, उंच, आवाज जाड, बूट कायम चिखलाचे. तिने मला गाडीच्या टपावर बांधलं, या उतारावर आणून आडवं टाकलं, चार कोपऱ्यांवर चार धोंडे ठेवले आणि निघून गेली.

मला राग आला. छपराची जागा वर. आयुष्यभर वर राहिलेल्याने जमिनीवर लोळावं, ही उतरती कळा वाटली. तो सगळा हिवाळा माझ्याखाली कोणी आलं नाही. बर्फ पडलं, वितळलं. मी गप्प राहिलो.

मार्च उजाडला. एका सकाळी ऊन आलं. मी तापलो. तापणं एवढंच मला येतं. खाली माती कोरडी होती, उबदार होती, अंधार होता. दुपारी माझ्या पन्हळीखालून काहीतरी हळू सरकत आलं आणि वेटोळं करून बसलं. ते बाहेरून गार होतं. मी त्याला ऊब दिली. तेव्हा मला माझं काम समजलं.

तो ॲडर होता. विलायतेतला एकमेव विषारी साप. अंगाने आखूड, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत नागमोडी काळी वेल. हिवाळाभर तो जमिनीखाली झोपतो आणि वसंतात बाहेर येऊन उन्हासाठी जागा शोधतो. माझ्यासारखे पत्रे म्हणूनच टाकतात. साप येतात, वॉर्डन येऊन पत्रा उचलते, पाहते, पुन्हा ठेवते. किती जगले, किती गेले, ते असं कळतं.

या माळाचं वर्ष मी असं ओळखतो. मार्चमध्ये आधी नर ॲडर येतात, मग माद्या. त्याच सुमाराला चंडोल माझ्या वर कुठेतरी आभाळात गाऊ लागतो. मला तो दिसत नाही, ऐकू येतो. मे महिन्यात रातवा पक्षी येतो. तो उष्ण मुलखातून येतो म्हणतात. संध्याकाळी चरखा फिरवल्यासारखी त्याची घरघर चालते. जूनमध्ये निळी फुलपाखरं, नखाएवढी. ती माझ्यावर बसतात आणि चटका बसला की उठतात. ऑगस्टमध्ये हेदरचं झुडूप फुलतं आणि सगळा माळ जांभळा होतो. ते पाहायला लोक येतात, फोटो काढतात, सँडविच खातात, जातात. त्यानंतर नेचा तांबूस होतो, धुकं उतरतं आणि सगळं जमिनीत जातं. राहतो मी, आणि माझ्याखाली घर केलेला एखादा उंदीर.

माणसांची एक सवय मला आवडत नाही. मला उचलतात, वाकतात आणि म्हणतात, “काही नाही.” खाली मुंग्यांचं अख्खं गाव अंडी उचलून पळत असतं. कोळीण असते. उंदराचं गवताचं घरटं असतं. पण साप नसला की काही नाही.

कार पार्कजवळ एक फळा आहे. कोणी काय पाहिलं ते लोक त्यावर खडूने लिहितात. रातवा, ससाणा, फुलपाखरू, सगळं लिहितात. ॲडर कुठे दिसला ते मात्र लिहायचं नाही. तो पॉलीनचा कायदा. लिहिलं की दुसऱ्या दिवशी काठ्या घेऊन लोक येतात. मला उचलायची परवानगीही तिने शिकवलेल्या दोघा-चौघांनाच होती.

त्यांत एक सुचेता होती. मूळची पुण्याची. नॉटिंगहॅममध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, वर्क व्हिसावर. नवरा मिलिंदही तशाच कामात. दर शनिवारी ती माळावर यायची, नेचा कापायची, कुंपणाच्या तारा ओढायची. मिलिंद गाडीत बसून रेडिओवर क्रिकेट ऐकायचा. सुचेता मला नीट उचलायची. दूरची कड धरून, आपल्याकडे ओढत, म्हणजे साप आणि आपण यांच्यामध्ये पत्रा राहतो. ठेवायचीही हळू. आवाज न करता पत्रा ठेवणं सोपं नसतं. तिला ते यायचं. मला ती मान्य होती.

दोन हजार तीन साली माळावर ॲडरची एकच मादी उरली. आधी वणवा लागला होता. मग कुत्री आली, मग नेचा माजला. नर दोन-तीन होते, पण मादी एक. पॉलीन माझ्याशेजारी उकिडवी बसून सुचेताला म्हणाली होती, “ही गेली की संपलं, डक. मग कॉपलीवर फक्त फुलं.”

इकडचे लोक प्रेमाने एकमेकांना डक म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात मिलिंदची आई, मधुमती, कुडाळहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आली. साठी उलटलेली, काटक बाई. नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली, वर मिलिंदचं स्वेटर, पायात त्याचेच जुने स्पोर्ट शूज, हातात काठी. ती पहिल्यांदा माळावर आली तेव्हा खालच्या वाटेवरून दोघींचं बोलणं मला ऐकू आलं. त्या आपसांत मराठी बोलत. छपराखाली बसून माणसं बोलली की छपराला भाषा येते. शाळा लागत नाही.

“ती बाई तुला बदक का म्हणते गो?”

“इथे प्रेमाने म्हणतात, आई. आपण बाळा म्हणतो तसं.”

“बदकाचं प्रेम. बरं.” थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, “आणि शनिवारचं घर टाकून तू सापांचे पत्रे उचलतेस. पगार किती देतात?”

“काही नाही. व्हॉलंटरी आहे.”

“फुकट. आमच्याकडे साप काढायला माणूस बोलवला तर तो नारळ आणि दक्षिणा घेतो.”

“पुण्यात पण सर्पमित्र फुकटच येतात, आई. फोन केला की.”

“आमच्याकडे फोन लागेपर्यंत माणूस राहत नाही.”

सुचेता हसली. मधुमती हसली नाही.

सुनेला आपलं काम सासूला दाखवायचं होतं. सासूला ते पाहायचं नव्हतं, पण सून एकटी रानात जाते म्हणून ती मागे येत होती. ऑगस्ट संपत आला होता. तो उन्हाळा भयंकर तापला होता. सकाळी दहालाच माझ्याखाली कोणी टिकत नसे. त्या शनिवारी मात्र ढग होते, हवा मऊ होती. पॉलीन बाकीच्यांना घेऊन तळ्याकडे कुंपण घालत होती. पत्रे पाहायला तिने सुचेताला एकटीला पाठवलं. सोबत कोणाला न्यायचं नाही, हा नियम होता. सुचेताने सासूला नेलं.

दोघी माझ्यापाशी आल्या.

“इथे उभ्या राहा, आई. पुढे येऊ नका.”

“तू पुढे आणि मी मागे. झालं.”

सुचेताने मला उचललं. कडेला एक स्लो-वर्म होता. तांबूस, गुळगुळीत, पेन्सिलीसारखा.

“हा बघा. हा साप नाही, आई. बिनपायाचा सरडा आहे. पापण्या मिटतो बघा. सापाला पापण्या नसतात.”

“सापासारखा दिसतो, सापासारखा झोपतो आणि साप नाही.”

“नाही. हात लावला तरी काही करत नाही. दाखवते.”

इथे तिने चूक केली. हातमोजा काढला. स्लो-वर्म सुळकन मागच्या पन्हळीकडे गेला, तिने त्याच्यामागे हात घातला. मागे, माझ्या सावलीत, ॲडरची मादी बसली होती. सुचेताचं लक्ष स्लो-वर्मवर होतं. मधुमतीचं लक्ष सुनेच्या हातावर होतं.

“हात काढ,” मधुमती म्हणाली. ओरडली नाही.

सुचेताने वर पाहिलं. हात तिथेच राहिला.

काठी खाली आली. पहिला फटका मादीच्या मानेवर, दुसरा डोक्यावर. तिसरा माझ्या कडेला लागला. ती चेप अजून आहे.

त्या मादीने मान मागे घेतली होती. ती चावली असती की उलटी सरकून गेली असती, हे लोकांनी नंतर पुष्कळ बोलून पाहिलं. मी तिथे होतो. माझ्या अंगाखाली होती ती. तरी मला सांगता येणार नाही.

सुचेता जमिनीवर बसली. “काय केलंत, आई.”

“फुरसं होतं.”

“फुरसं इथे नसतं. ॲडर आहे ती.”

“नाव काहीही ठेवा. पाठीवरची वेल बघ. डोक्यावरची खूण बघ. फुरसंच.”

“हिच्या चावण्याने माणसं मरत नाहीत.”

“कोणी सांगितलं? जी मेली नाही तिने?”

सुचेता मेलेल्या मादीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ही शेवटची होती.”

काठीच्या टोकाला माती लागली होती, ती मधुमतीने हेदरला पुसली.

तळ्याकडून हातोड्यांचे आवाज येत होते. सुचेता उठली. चारी बाजूंना पाहिलं. मग ती हळू आवाजात, भराभर बोलू लागली. “आई, ऐका. इथे हा गुन्हा आहे. ॲडर मारला तर पोलीस केस होते. आपण व्हिसावर आहोत. मिलिंदचं एक्स्टेन्शन जानेवारीत आहे. माझंही. काही रेकॉर्डवर आलं तर दोघांना परत जावं लागेल. आपण हिला त्या गॉर्सच्या काट्यांत टाकून देऊ. कोणी पाहिलेलं नाही.”

मी पाहिलं होतं. पण पत्र्याला कोणी साक्षीला धरत नाही.

“टाक,” मधुमती म्हणाली. “तू म्हणतेस तर टाक. घर तुमचं.”

सुचेताने हातमोजा घातला. मादीला शेपटीकडून उचललं. उचललं आणि थांबली. शरीर मध्ये जाड होतं. आणि त्या जाड जागी कातडी आतून हलत होती.

फुरशाची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं घालते. ॲडरही तशीच. कोकणात वाढलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. मधुमती वाकली. बराच वेळ पाहत राहिली.

“पोटुशी आहे.”

“हो.”

“भरत आलेली आहे.”

“आई, आपल्याला जायला हवं. पॉलीन येईल.”

“काट्यांत टाकलीस तर आतली घुसमटतील.”

“मग काय करू? मला काढता येणार आहेत का ती?”

“तिला येतील?”

“पॉलीनला? येतील कदाचित. पण तिला बोलावलं तर सगळं सांगावं लागेल.”

मधुमती सरळ उभी राहिली. “बोलव तिला.”

“आई, पोलीस येतील.”

“येऊ देत. मी फुरसं मारलं. पोरं मारायला मी आले नव्हते.”

“मिलिंदला काय सांगू?”

“मिलिंदला मी सांगेन. त्याला मी जन्म दिलाय. जा.”

सुचेता उभीच होती. व्हिसा, नोकरी, घराचा करार, सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मादीच्या पोटात पुन्हा काहीतरी वळलं. सुचेता मागे वळली आणि तळ्याच्या दिशेने धावत सुटली. या माळावर धावायचं नाही, असंही पॉलीनने शिकवलं होतं.

पॉलीन आली. धापा टाकत आली. गुडघ्यावर बसली, खिशातला चाकू काढला, पात्याला पाणी लावलं. “पत्रा वर धरून ठेव,” ती म्हणाली. सुचेताच्या हातात पाण्याची बाटली होती, म्हणून मधुमतीने मला धरलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. काय हवं ते तिला समजलं.

मी तिच्या हातात होतो. उचललेला पत्रा जरा हलला तरी वाजतो. वाजू नये म्हणून ती मला छातीशी दाबून उभी राहिली.

पॉलीनने पोट उघडलं. एकेक पिल्लू पातळ पडद्यात गुंडाळलेलं होतं. ती ओल्या बोटाने पडदा फाडत गेली. पहिलं हललं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याने तोंड उघडलं. बोटाएवढा जीव, पण पाठीवर तीच नागमोडी वेल. सगळं झालं तेव्हा चार जिवंत होती आणि तीन मेलेली. पॉलीनने ती चार माझ्याखाली कोरड्या गवतावर ठेवली. मग तिने मधुमतीच्या हातून मला घेतलं आणि त्यांच्यावर ठेवलं.

“कोणी?” पॉलीनने विचारलं.

“आम्ही,” सुचेता म्हणाली. “मी हात घातला. मी यांना इथे आणलं. चूक माझी आहे.”

मधुमतीला शब्द कळले नाहीत, पण सून काहीतरी अंगावर घेते आहे हे कळलं. तिने काठी पुढे केली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“सांग तिला, मी. आणि नीट सांग, आपल्या पदरचं घालू नकोस.”

पॉलीनने काठीकडे पाहिलं. “का?”

सुचेताने विचारलं. मधुमतीने उत्तर दिलं आणि सुचेताने ते वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगितलं. कुडाळजवळ त्यांच्या परसात जांभ्या दगडाचे चिरे रचले होते. मधुमतीची धाकटी बहीण चिरा उचलायला गेली. खाली फुरसं होतं. मधुमती पाठीमागेच उभी होती. तिने ते आधी पाहिलं होतं, पण साप मारू नये असं कोणीतरी शिकवलेलं होतं म्हणून हात उचलला नाही. बहिणीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. ते थांबलं नाही.

“तेव्हापासून,” मधुमती म्हणाली, “मी थांबून बघत नाही.”

पॉलीनने चाकू मिटून खिशात ठेवला. मग म्हणाली, “मला हे लिहून द्यावं लागेल. मी खोटं लिहिणार नाही. तुझी परवानगी जाईल, डक. पोलिसांनाही कळवावं लागेल.”

“माहीत आहे,” सुचेता म्हणाली.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. पोलीस घरी आला. मधुमतीने त्याला आधी चहा दिला आणि मग सुनेकरवी सगळं सांगितलं, मुलगा मध्येमध्ये अडवत असताना. पोलिसाने ऐकून घेतलं, समज दिली आणि गेला. व्हिसाचं पुढे काही बिघडलं नाही. पण जानेवारीपर्यंत त्या घरात कोणी नीट झोपलं नाही. मिलिंद आईशी काही दिवस बोलला नाही. सुचेताला पत्रे उचलायची बंदी झाली. ती तरी शनिवारी यायची आणि नेचा कापायची. काही व्हॉलंटियर तिच्याशी बोलत, काही नाही.

मधुमतीही यायची. खालच्या वाटेवर, जिथे उभं राहायची मुभा होती तिथे उभी राहायची. पॉलीन मला उचलून, परत ठेवून खाली आली की ती विचारायची, “आहेत का?” एवढं इंग्रजी ती शिकली होती. पॉलीन बोटं दाखवायची. चार. मग तीन. ऑक्टोबरात थंडी पडली. तिन्ही पिल्लं जमिनीच्या भेगेत शिरली.

परत जायच्या आधी मधुमती आली. तिने पॉलीनला सुनेकरवी सांगितलं, “आमच्याकडे फुरसं दिसलं तर मी पुन्हा मारेन. उगाच गोड बोलणार नाही. पण यांतलं एक जरी जगलं, तर मला कळवा.”

पॉलीनने मान हलवली. “हे सरळ झालं,” ती म्हणाली. दोघींनी हात मिळवला. दोघींचे हात खरखरीत होते.

पुढच्या मार्चला एक पिल्लू दिसलं. दोनदा दिसलं. मग नाही. त्यानंतरची वर्षं माझ्याखाली उंदीर होते, मुंग्या होत्या, स्लो-वर्म होते. एक म्हातारा नर यायचा, एकटाच तापून निघून जायचा. मग तोही थांबला. चंडोल वेळेवर गायला, रातवा वेळेवर आला, हेदर वेळेवर फुललं. फळ्यावर लोक खडूने लिहीत राहिले. मला उचलून पॉलीन “काही नाही” म्हणू लागली. तिच्या तोंडून ते ऐकणं मला जड गेलं.

सुचेताला परवानगी परत मिळाली. तिने मला पहिल्यांदा उचललं तेव्हा दोन्ही हातांत मोजे होते, आणि ती इतकी हळू उचलत होती की मला वाटलं, हिचा हात भरून येईल. खाली माती होती. तिने मला ठेवलं आणि कुडाळला फोन लावला. “आज पण नाही, आई.” असा फोन ती दर वसंतात करायची. पलीकडून काय बोलत ते मला ऐकू येत नसे. बोलणं लांबत नसे.

मी थकलो. जस्त उतरलं. दोन पन्हळी गंजून भोकं पडली, त्यांतून पाऊस आत येऊ लागला. पॉलीनने डांबरी फेल्टचे नवे काळे तुकडे आणून ठेवले. हलके असतात, तापतात लवकर. मला भंगारात द्यायचं ठरलं. मी तक्रार केली नाही. छप्पर असताना पडलो नाही, जमिनीवर आल्यावर पळालो नाही. एवढं पुरे होतं.

या वर्षी, दोन हजार नऊच्या मार्चमध्ये, मला उचलून न्यायला सुचेता आणि पॉलीन आल्या. गाडी खाली उभी होती. सुचेताने सवयीने दूरची कड धरली, मला वर केलं आणि तशीच थांबली.

खाली ॲडर होती. जाड, तपकिरी, पूर्ण वाढलेली मादी.

पॉलीनने श्वास सोडला. “ठेव,” ती म्हणाली. “हळू.”

सुचेताने मला ठेवलं. मग खिशातून फोन काढला. पलीकडच्या बाईला आता कमी ऐकू येतं, म्हणून तिने स्पीकर लावला. त्यामुळे या वेळी मलाही ऐकू आलं.

“आई, आहे.”

“कोण?”

“मादी आहे. तिच्यातलीच असेल. नक्की सांगता येत नाही. दुसरीकडून आलेलीही असू शकते.”

पलीकडे कोंबडा आरवत होता.

“आई? ऐकताय ना?”

“ऐकतेय. मोठी आहे?”

“हो. चांगली मोठी.”

“बरं झालं. तू किती लांब उभी आहेस?”

“दोन हात.”

“चार हात हो.”

सुचेता मागे सरकली. पॉलीनने विचारलं, काय म्हणाल्या त्या. सुचेताने सांगितलं. पॉलीनही दोन पावलं मागे गेली.

त्या दिवशी मला कोणी नेलं नाही. गाडी रिकामी गेली. फेल्टचे तुकडे माळाच्या दुसऱ्या टोकाला टाकले. एप्रिलमध्ये कुठून तरी एक नर आला. तो या माळावरचा नव्हता, पॉलीन त्याला ओळखत नव्हती. तो दोन-तीन दिवस माझ्या आसपास राहिला आणि गेला.

आता ऑगस्ट आहे. हेदर फुललं आहे, वाटेवर माणसं आहेत, कुत्री आहेत. माझ्यात जेवढं लोखंड शिल्लक आहे तेवढं मी सकाळी तापतो. भोकांवरून ती थोडी बाजूला सरकून बसते, कोरड्या जागेत. तिची ऊठबस कमी झाली आहे. ती जड झाली आहे.

तुम्ही या माळावर आलात तर फुलं पाहा, रातवा ऐका, फळ्यावर काय हवं ते लिहा. उतारावर गंजलेला पत्रा दिसला तर खाली काय आहे हे पाहायची इच्छा होईल. ती माणसाला होतेच. पण या महिन्यात मला उचलू नका.